मोठ्या संख्येची कुंडली कशी मांडायची: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

सात-आठ अंकी संख्या समोर ठेवून कुणी विचारलं, "हिच्याबद्दल काय काय सांगता येईल?" तर बहुतेकांची गाडी सम की विषम, पाचने भाग जातो का, इथेच अडते. शोधायला गेलं की मूळ, संयुक्त, विपुल, वर्गमुक्त, त्रिकोणी, हर्षद, स्मिथ अशी नावांची रांगच अंगावर येते आणि कुठून हात घालावा ते कळत नाही. माझं सांगणं एकच आहे: आधी मूळ अवयव पाडा, नावांचं नंतर बघू. अवयव हातात असले की बरीचशी नावं दोन-दोन ओळींत तपासून होतात. ते नसतील तर प्रत्येक नावासाठी नव्याने घाम गाळावा लागतो.

उदाहरणासाठी आपण ३,७०,६४,६६४ ही संख्या घेऊ. ती मुद्दाम अप्रसिद्ध निवडली आहे. प्रसिद्ध संख्या घेतली की उत्तर आधीच माहीत असतं आणि मग पद्धत शिकली जात नाही.

हाताशी काय हवं

- कागद-पेन. हो, खरंच. भागाकाराची साखळी कागदावर दिसली की चूक लगेच सापडते.
- १०० पर्यंतच्या २५ मूळ संख्यांची यादी.
- निदान दहा-बारा अंक पूर्ण दाखवणारा कॅल्क्युलेटर.
- संख्या वीस-तीस अंकी असेल तर पूर्णांक जसाच्या तसा सांभाळणारं साधन: पायथन, पारी-जीपी, किंवा लिनक्सवर असणारी 'फॅक्टर' ही आज्ञा. तिन्ही फुकट मिळतात.

१. संख्या नीट उतरवून घ्या

हे सांगायची काय गरज, असं वाटेल. पण बरेच घोळ इथेच होतात. स्प्रेडशीट साधारण १५ अंकांपर्यंतच संख्या अचूक ठेवतं. सोळावा अंक आला की त्याच्या जागी गुपचूप शून्य बसतं, आणि तुम्ही भलत्याच संख्येचे अवयव पाडत बसता. संगणकातल्या नेहमीच्या दशांश साठवणीत सलग सगळे पूर्णांक अचूक बसतात ते २ च्या ५३ व्या घातापर्यंत, म्हणजे ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ पर्यंत. त्यापुढे शेजारशेजारच्या दोन संख्या एकच होऊन जातात. म्हणून लांब संख्या स्प्रेडशीटमध्ये टाकायचीच असेल तर मजकूर म्हणून टाका आणि आकडेमोड दुसरीकडे करा.

आणखी एक सवय लावून घ्या. संख्या एकदा स्वल्पविरामांशिवाय लिहून ठेवा: ३७०६४६६४. अंक मोजा, आठ. स्वल्पविराम का काढायचे, ते पुढच्याच पायरीत कळेल.

२. लहान मूळ संख्यांनी भाग द्या, पण प्रत्येकीने जाईल तितक्या वेळा

दोनपासून सुरू करा. शेवटचे तीन अंक ६६४, त्यांना ८ ने भाग जातो. शेवटचे चार अंक ४६६४, त्यांना १६ ने जात नाही. म्हणजे २ बरोबर तीनदा. भागून उरले ४६,३३,०८३.

आता तीन. अंकांची बेरीज ४+६+३+३+०+८+३ = २७. इथे नवख्याला हमखास मोह होतो: बेरीज २७ आली, म्हणजे २७ नेही भाग जात असणार! तसं नाही. अंकांच्या बेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच चालते. ९ ने भागून ५,१४,७८७ उरतात, त्यांच्या अंकांची बेरीज ३२. तीनचा विषय संपला. म्हणजे ३ दोनदाच.

पाच नाही, शेवटचा अंकच सांगतो.

सात, अकरा आणि तेरा या तिघांची तपासणी एका फटक्यात होते, आणि ही युक्ती मला फार आवडते. ७×११×१३ = १००१. त्यामुळे सुरुवातीच्या संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि आळीपाळीने अधिक-उणे करायचं. ३७ | ०६४ | ६६४ असे गट पडतात. ६६४ − ६४ + ३७ = ६३७. आता आठ अंकी संख्येऐवजी फक्त ६३७ कडे बघा: ७ ने भाग जातो, १३ ने जातो, ११ ने जात नाही. आपल्या पूर्ण संख्येचंही तंतोतंत तेच.

पण इथे दोन सापळे आहेत. पहिला आपल्या लिहिण्याच्या पद्धतीतला. आपण स्वल्पविराम ३,७०,६४,६६४ असे देतो, म्हणजे शेवटचा गट तीन अंकांचा आणि बाकीचे दोन-दोन अंकांचे. तेच गट धरून कुणी ६६४ − ६४ + ७० − ३ केलं तर ६६७ येतात. ६६७ म्हणजे २३×२९, त्यामुळे ७ आणि १३ दोन्ही हातातून निसटतात. लाख-कोटींचे स्वल्पविराम वाचायला सोयीचे आहेत, या कसोटीला मात्र ते चालत नाहीत.

दुसरा सापळा: ६३७ = ७×७×१३. मग आपल्या पूर्ण संख्येलाही ४९ ने भाग जातो का? जात नाही. १००१ मध्ये ७ एकदाच आहे, तेव्हा ही कसोटी एका सातापुरतंच बोलते. खात्री करायची तर प्रत्यक्ष भागाकार करा: ५,१४,७८७ ÷ ७ = ७३,५४१. पुन्हा ७ ने भागलं तर बाकी ६ उरते. ७३,५४१ ÷ १३ = ५,६५७. पुन्हा १३ ने भागलं तर बाकी २.

३. उरलेला तुकडा मूळ आहे का ते बघा

हातात ५,६५७ आहे. दिसायला मूळ वाटते, पण दिसण्यावर जाऊ नका. ९१ सुद्धा मूळ वाटते आणि ती ७×१३ निघते.

नियम असा: संख्या संयुक्त असेल तर तिचा निदान एक मूळ अवयव तिच्या वर्गमुळाएवढा किंवा त्याहून लहान असतोच. तर वर्गमूळ कुणाचं घ्यायचं? उरलेल्या तुकड्याचं, सुरुवातीच्या संख्येचं नाही. सुरुवातीच्या संख्येचं वर्गमूळ ६०८८ च्या जरा पुढे आहे, आणि तिथपर्यंतच्या मूळ संख्या जवळपास आठशे भरतात. ५,६५७ चं वर्गमूळ ७५ च्या थोडं वर. १३ पर्यंतच्या आधीच तपासून झाल्या, आता उरल्या १७ ते ७३ मधल्या पंधरा. म्हणूनच अवयव सापडला की लगेच भागून संख्या लहान करायची. मोठीच संख्या शेवटपर्यंत घेऊन बसणं म्हणजे उगाच पायपीट.

पंधरा भागाकार करा आणि बाकी लिहून ठेवा. १७ ने बाकी १३, २३ ने २२, ४१ ने ४०, ७३ ने ३६, असं होत शेवटपर्यंत शून्य कुठेच येत नाही. (२३ आणि ४१ दोन्ही एका-एकाने हुकलेत, कारण शेजारची ५,६५८ म्हणजे २×३×२३×४१.) तेव्हा ५,६५७ मूळ आहे. तिच्यात दोन मिळवून येणारी ५,६५९ सुद्धा मूळ आहे, म्हणजे ही जोडमूळ संख्यांची जोडी. आपल्याला त्याचा उपयोग नाही, पण सापडलं की बरं वाटतं.

निकाल:

३,७०,६४,६६४ = २×२×२ × ३×३ × ७ × १३ × ५६५७

पुढे जाण्याआधी हा गुणाकार उलटा करून बघा. ८×९×७×१३ = ६,५५२ आणि ६,५५२ × ५,६५७ = ३,७०,६४,६६४. जुळलं.

४. उरलेला तुकडा फारच मोठा असेल तर

इथे हाताने भागत बसणं सोडा. पहिला प्रश्न "अवयव कोणते?" हा ठेवू नका, "मूळ आहे की संयुक्त?" हा ठेवा. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि दुसरा खूपच सोपा आहे. २ चा ६७ वा घात उणे १ ही संख्या संयुक्त आहे हे ल्युका यांनी १८७६ मध्ये दाखवलं, तेव्हा तिचा एकही अवयव कुणाला ठाऊक नव्हता. १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ हे तिचे दोन अवयव फ्रँक कोल यांनी १९०३ मध्ये मांडले.

मूळ आहे का हे तपासायची सगळ्यांना माहीत असलेली कसोटी फर्माची: प संख्या मूळ असेल आणि तिने अ ला भाग जात नसेल, तर अ च्या (प − १) व्या घाताला प ने भागून बाकी १ उरते. बाकी १ आली नाही तर संख्या नक्की संयुक्त. पण बाकी १ आली म्हणून ती मूळ ठरत नाही, आणि या बाबतीत बरेच जण फसतात. २,९४,४०९ = ३७×७३×१०९ ही धडधडीत संयुक्त संख्या आहे. तरी तिच्याशी सहमूळ असलेला (म्हणजे १ सोडून समान विभाजक नसलेला) कुठलाही अ घ्या, बाकी १ च येते. कारण २,९४,४०८ ला ३६, ७२ आणि १०८ या तिन्हींनी भाग जातो. अशा संख्यांना कारमायकेल संख्या म्हणतात. सर्वांत लहान ५६१. त्या अनंत आहेत हे १९९४ मध्ये सिद्ध झालं, त्यामुळे "दुर्मीळ आहेत, सोडून देऊ" म्हणून भागत नाही.

म्हणून मिलर-रॅबिन कसोटी वापरा, ती फर्माच्या कसोटीचीच कडक आवृत्ती आहे. तिच्यात घेतलेल्या प्रत्येक अ ला पाया म्हणतात. व्यवहारात लक्षात ठेवण्यासारखी एक गोष्ट: संख्या ३,२१,५०,३१,७५१ पेक्षा लहान असेल तर अ = २, ३, ५, ७ या चारच पायांवर ती कसोटी पार पडणं हा पक्का पुरावा आहे, "बहुधा मूळ" नव्हे. त्याहून मोठ्या संख्यांसाठी साधन काय म्हणतंय ते नीट वाचा. पारी-जीपीमध्ये 'इजप्राइम' सिद्ध करून उत्तर देतं, 'इजस्युडोप्राइम' फक्त जबरदस्त शक्यता सांगतं. कुठल्याही संख्येसाठी वाजवी वेळात पक्कं उत्तर देणारी रीत असू शकते, हे २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दाखवलं. रोजच्या कामात मात्र ती रीत कुणी वापरत नाही, कारण बाकीच्या रीती कितीतरी जलद आहेत.

संयुक्त ठरली तर अवयव शोधा. आधी वर्गांच्या फरकाचा प्रयत्न करा: ८०५१ च्या लगेच वरचा वर्ग ८१००, फरक ४९. म्हणजे ९०×९० − ७×७, म्हणजे ९७×८३. दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तर ही रीत क्षणात काम करते, लांब असतील तर रडवते. मग सरळ संगणकाकडे द्या. वीस-तीस अंकांना तो जुमानत नाही, पण दोन मोठ्या मूळ संख्यांचा शेकडो अंकी गुणाकार असेल तर त्याचाही नाइलाज होतो. मुद्दाम अशी बनवलेली २५० अंकी आरएसए संख्या २०२० मध्ये फुटली, तीही पुष्कळ संगणक जुंपून.

५. घातांकांवरून मिळेल तेवढं काढा

आता मेहनतीचं फळ. आपले घातांक आहेत ३, २, १, १, १.

विभाजक किती? प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणाकार: ४×३×२×२×२ = ९६. एक मिळवायचं कारण घातांक शून्यही असू शकतो. ते विसरलं की ६ असं हास्यास्पद उत्तर येतं. हे ९६ विभाजक ४८ जोड्यांमध्ये बसतात, आणि वर्गमुळाच्या सर्वांत जवळची जोडी ५,६५७ आणि ६,५५२.

विभाजकांची बेरीज? प्रत्येक मूळ अवयवासाठी (१+२+४+८), (१+३+९), (१+७), (१+१३), (१+५६५७) अशा बेरजा करून गुणा: १५×१३×८×१४×५,६५८ = १२,३५,७०,७२०. या बेरजेत संख्या स्वतःही धरलेली असते. विपुल, न्यून की परिपूर्ण हे ठरवताना ती वजा करायची: उरतात ८,६५,०६,०५६. हे आपल्या संख्येपेक्षा जास्त, म्हणून संख्या विपुल. कमी आले असते तर न्यून, बरोबर तेवढेच आले असते तर परिपूर्ण. वजाबाकी विसरलात तर प्रत्येकच संख्या विपुल निघेल.

खरं तर एवढं करायचीही गरज नव्हती. ६ परिपूर्ण आहे, आणि परिपूर्ण संख्येची तिच्याहून मोठी कुठलीही पट विपुलच असते. आपल्या संख्येला ६ ने भाग जातो, विषय संपला. उलट "विषम आहे, म्हणजे विपुल नसणार" असा अंदाज बांधू नका. ९४५ विषम असून विपुल आहे. विषम परिपूर्ण संख्या मात्र आजवर कुणाला सापडलेली नाही, आणि ती असूच शकत नाही असंही सिद्ध झालेलं नाही.

वर्गमुक्त, म्हणजे १ सोडून कुठल्याही वर्गाने भाग न जाणारी, आहे का? नाही, ४ ने भाग जातो. पूर्ण वर्ग आहे का? इथे शेवटचा अंक ४ आणि अंकांची बेरीज ३६, दोन्ही खुणा वर्गासारख्या आहेत, म्हणून वरवरची तपासणी फसवते. पण घातांकांत विषम आकडे आहेत, तेव्हा वर्ग नाही. तिच्याहून लहान आणि तिच्याशी सहमूळ संख्या किती? ४×६×६×१२×५,६५६ = ९७,७३,५६८.

दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येईल का? चारने भागून बाकी ३ उरते असे मूळ अवयव शोधा. त्या प्रत्येकाचा घातांक सम हवा. ३ चा घातांक २, चालेल. ७ चा १, इथे अडलं. म्हणजे नाही. गंमत म्हणजे एकट्या ५,६५७ ला जमतं: ६१×६१ + ४४×४४ = ३,७२१ + १,९३६.

६. आकृत्या आणि मालिका

हे झटपट उरकतं. त्रिकोणी, म्हणजे १+२+३+… अशा बेरजेतून येणारी, आहे का हे बघायला आठपट करून एक मिळवा: २९,६५,१७,३१३. हा पूर्ण वर्ग असता तर संख्या त्रिकोणी असती. पण तो १७,२१९ आणि १७,२२० यांच्या वर्गांच्या मध्ये पडतो. फिबोनाची? प्रत्येक पद आधीच्या दोन पदांची बेरीज असलेल्या त्या मालिकेत २,४१,५७,८१७ नंतर थेट ३,९०,८८,१६९ येते, आपली मधेच राहिली.

७. अंकांवर बेतलेली नावं वेगळ्या रकान्यात ठेवा

वर्गीकरणात सर्वांत जास्त गल्लत इथे होते. आतापर्यंतचे गुण संख्येचे स्वतःचे होते. ती कुठल्याही पद्धतीने लिहा, ते बदलत नाहीत. पुढची नावं मात्र तिच्या लिहिण्याची आहेत.

हर्षद संख्या ही कल्पना दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांची, ६१७४ या स्थिरांकामुळे जगभर ओळखले जातात तेच. अंकांच्या बेरजेने संख्येला भाग गेला की ती हर्षद. आपली बेरीज ३६, आणि ४ ने व ९ ने भाग जातोच, म्हणून हर्षद. द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) लिहिली तर संख्येत २६ अंक येतात, त्यात १४ वेळा १. १४ नेही भाग जातो, म्हणजे तिथेही हर्षद. पण षोडशमान (सोळा अंकांच्या) पद्धतीत अंकांची बेरीज ५४ होते. ५४ मध्ये ३ तीनदा आहे, आपल्याकडे दोनदाच. हर्षदपण गेलं. म्हणून नोंद करताना "हर्षद (दशमान)" असंच लिहा.

स्मिथ संख्येसाठी संख्येच्या अंकांची बेरीज आणि मूळ अवयवांच्या अंकांची बेरीज सारखी लागते. अवयव जितक्या वेळा येतो तितक्या वेळा मोजायचा: २+२+२+३+३+७+(१+३)+(५+६+५+७) = ४६. ३६ नाही, म्हणून स्मिथ नाही. आनंदी संख्या? अंकांच्या वर्गांची बेरीज करत गेलं की १९८, १४६, ५३, ३४, २५, २९, ८५, ८९ अशी घसरत ती ८९ च्या चक्रात अडकते, १ वर पोचत नाही. पॅलिंड्रोम (उलटसुलट वाचली तरी तीच) नाही, ते नजरेलाच दिसतं.

८. नोंद कशी ठेवायची

एका कागदावर वर संख्या, तिच्याखाली अवयव, मग दोन रकाने: संख्येचे गुण आणि लिखाणाचे गुण. "नाही" असं आलेली उत्तरंही लिहा आणि शेजारी कारण एका ओळीत: "दोन वर्गांची बेरीज नाही, ७ चा घातांक १". कारण नसलेलं "नाही" महिन्याभराने पुन्हा तपासावं लागतं. उरलेला मोठा अवयव मूळ कसा ठरवला हेही लिहा: भागाकाराने, मिलर-रॅबिनने (कुठले पाय घेऊन), की साधनाच्या भरवशावर.

शेवटी पूर्णांक मालिकांच्या ऑनलाइन विश्वकोशात संख्या टाकून बघायला हरकत नाही. पण आठ अंकी संख्या तिथे सापडली नाही म्हणून ती कुठल्याच मालिकेत नाही असं समजू नका. तिथे बहुतेक मालिकांची सुरुवातीची पदंच दिलेली असतात. मालिकेची व्याख्या घ्या आणि कसोटी आपल्या अवयवांवर स्वतः लावून पाहा.